पिल्लं खातात, पण अंगाला लागत नाही: परसातल्या कोंबड्यांचे जंत

पावसाळा अर्धा सरला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ज्यांच्या दारात दहा-वीस कोंबड्या आहेत, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, खातस तं पोटभर, पन अंगले लागत नई." दीड-दोन महिन्यांची पिल्लं असतात. एकाच रवणाची, एकाच दिवशी फुटलेली. त्यातली दोन-तीन तरारून येतात, बाकीची पंख पाडून कोपऱ्यात उभी. तुरा फिका, पाय सुकलेले, शीट कधी पातळ तर कधी बरी. मग कुणीतरी सांगतं, जंताचं औषध पाज. मेडिकलमधून किंवा कृषी केंद्रातून बाटली येते, अंदाजाने झाकणभर औषध पाण्यात पडतं, चार दिवस पिल्लं टवटवीत दिसतात आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच.

पुन्हा तेच का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. औषध जंत पाडतं, पण फक्त कोंबडीच्या आतड्यातले. कुठल्याही क्षणी जंतांची खरी मोठी संख्या आतड्यात नसतेच. ती अंड्यांच्या रूपात तुमच्या अंगणात, खुराड्याच्या जमिनीत, पाण्याच्या भांड्याभोवतीच्या चिखलात असते. पिल्लू त्याच मातीत चोच मारतं आणि रिकामं झालेलं आतडं पुन्हा भरतं. म्हणून बाटली हे निम्मं काम. उरलेलं निम्मं जमिनीवर करायचं असतं, आणि नेमकं तेच आपण सोडून देतो.

सगळ्यात मोठा त्रास देणारा जंत

कोंबडीच्या पोटात जंतांचे बरेच प्रकार असतात, पण पिल्लांच्या बाबतीत पहिलं नाव गोलकृमीचं. शास्त्रीय नाव अ‍ॅस्करिडिया गॅली. शिजलेल्या शेवईसारखा दिसतो, पांढरट-पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळता. पूर्ण वाढलेली मादी 10 ते 12 सेंटिमीटरपर्यंत जाते, नर त्याहून आखूड. राहतो लहान आतड्यात. कधी शीटेत एखादा पडलेला दिसतो, पण बहुतेक वेळा दिसत नाही, आणि तिथेच फसगत होते. शीटेत जंत दिसले नाहीत म्हणजे पोटात नाहीत, असं धरून चालू नका.

मादी हजारोंनी अंडी घालते. ती शीटेबरोबर बाहेर पडतात. अंड्याची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाहेर पडलेलं अंडं लगेच धोक्याचं नसतं. आतली अळी तयार व्हायला ऊब, ओल आणि हवा लागते. साधारण दहा ते वीस दिवस जातात, उष्ण दमट हवेत त्याहूनही लवकर काम होतं. ही मधली मुदत लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच उभं आहे.

तयार अंडं पिल्लाने गिळलं की आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अळी बाहेर येते. पहिला आठवडाभर ती आतड्याच्या पोकळीतच असते. मग ती आतड्याच्या अस्तरात डोकं खुपसते आणि साधारण सतराव्या दिवसापर्यंत तिथेच राहते. पिल्लाचं सगळ्यात जास्त नुकसान या काळात होतं. अस्तर सुजतं, त्यातून रक्त झिरपतं, अन्न शोषून घेणारा भाग खराब होतो. नंतर अळी परत पोकळीत येते, वाढते, आणि गिळल्यापासून पाच ते आठ आठवड्यांनी तिची स्वतःची अंडी शीटेत येऊ लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तीन आठवड्यांच्या पिल्लाची शीट तपासून "अंडी नाहीत" असं आलं, तरी ते पिल्लू जंतमुक्त आहे असं म्हणता येत नाही. आत अळ्या असतील, पण त्या अंडी घालायच्या वयाच्या झालेल्या नसतात. दोन, अस्तरात रुतलेल्या अळ्यांपर्यंत काही औषधं नीट पोचत नाहीत, म्हणून एकदा पाजून भागत नाही.

मोठ्या कोंबड्यांनाही हे जंत होतात, पण तीन-चार महिन्यांनंतर शरीराची प्रतिकारशक्ती बरीच तयार झालेली असते. त्यांच्या पोटात थोडे जंत राहतात, त्या धडधाकट दिसतात, अंडी देतात आणि शीटेतून जमिनीवर जंतांची अंडी टाकत राहतात. पिल्लू आईच्या मागेमागे त्याच जागेत उकरतं. म्हणजे आजारी दिसतं ते पिल्लू, आणि घरात जंत सांभाळून ठेवलेले असतात धष्टपुष्ट दिसणाऱ्या कोंबडीने. पिल्लांना औषध पाजायचं आणि मोठ्या कोंबड्या सोडून द्यायच्या, ही पद्धत म्हणूनच उपयोगाची नाही.

खान्देशचं ऊन आणि केळीची बाग

आपल्याकडचा उन्हाळा या बाबतीत मोठी मदत करतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर हवेपेक्षाही जास्त तापतो. अशा तापलेल्या, कोरड्या मातीत वर पडलेली जंतांची अंडी टिकत नाहीत. म्हणून वैशाखात फुटलेली पिल्लं बहुतेकदा बरी निघतात आणि पाऊस पडल्यावर फुटलेली मागे पडतात. पण त्या उन्हावर पूर्ण विसंबू नका. मातीत जरा खोल गेलेली, सावलीतली, ओलीतली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. योग्य ओल मिळाली तर वर्षभरसुद्धा.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या माणसांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. केळीच्या बागेत ठिबकमुळे मे महिन्यातही जमीन ओली असते, वर पानांची गार सावली, खाली कुजका पाला आणि त्यात गांडुळं. कोंबड्यांना ती जागा फार आवडते, दिवसभर तिथेच उकरतात. जंतांच्या अंड्यांनाही तीच जागा मानवते. गांडुळाने मातीबरोबर गिळलेली अंडी त्याच्या पोटात टिकून राहतात आणि गांडूळ खाल्लेल्या पिल्लाच्या पोटात जातात. मोठ्या कोंबड्या बागेत गेल्या तर जाऊ द्या, त्यांचं तिथलं चरणं म्हणजे फुकटचं खाद्य आहे. पण दोन महिन्यांच्या आतली पिल्लं तिकडे सोडू नका.

बाकीचे जंत

दुसरा नेहमीचा जंत आंधळ्या आतड्यातला (लहान आणि मोठं आतडं जुळतात तिथल्या, एका टोकाला बंद असलेल्या पिशवीतला), हेटेरॅकिस. सेंटिमीटरभर लांब, बारीक पांढरा. कोंबडीला त्याचा स्वतःचा त्रास कमी, पण त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा एक सूक्ष्म परजीवी पसरतो, जो टर्कीला जिवावर उठतो. हौसेने टर्की पाळणारे आता दिसू लागलेत. त्यांनी टर्की आणि कोंबड्या एका आवारात ठेवू नयेत.

तिसरा केसासारखा बारीक, कॅपिलॅरिया. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्याची संख्या वाढली तर पिल्लं फार खंगतात, आणि गोलकृमीच्या औषधाची नेहमीची मात्रा त्याला बऱ्याचदा कमी पडते.

चौथा गट पट्टकृमींचा, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंतांचा. यांचं वेगळेपण असं की त्यांचं अंडं पिल्लाने थेट खाल्लं तर काही होत नाही. आधी ते मुंगी, शेणातला भुंगेरा, घरमाशी किंवा गोगलगाय यांच्यापैकी कुणाच्या तरी पोटात जावं लागतं. कुठला पट्टकृमी, त्यावर कुठला किडा हे ठरतं. पिल्लाने तो किडा खाल्ला की लागण होते. शीटेवर तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, ताजे असताना किंचित हलणारे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. एक प्रकार, रायलिएटिना एकिनोबोथ्रिडा, आतड्याच्या भिंतीवर गाठी करतो. मेलेली कोंबडी फाडल्यावर क्षय झाल्यासारखं वाटतं. गोठ्याला लागून खुराडं असेल तर पट्टकृमी जास्त सापडतात, कारण शेण, माश्या आणि भुंगेरे तिथेच. पिपेराझिन आणि लेव्हामिसोल या दोन औषधांचा पट्टकृमींवर उपयोग होत नाही, त्याला प्राझिक्वांटेलसारखं औषध लागतं. कुठला जंत आहे ते माहीत नसताना बाटली आणली तर पैसे वाया जातात, ते असे.

ओळखायचं कसं

आधी पिल्लू हातात घ्या. डोळ्यांनी पाहून अंदाज येत नाही, कारण पिसं फुललेली असतात आणि पिल्लू आहे त्यापेक्षा भरलेलं वाटतं. छातीच्या मधोमध जे उभं हाड आहे त्यावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर हाडाची कड बोटाला जेमतेम लागते. खंगलेल्या पिल्लात ती सुरीच्या पात्यासारखी टोचते आणि दोन्हीकडे खळगे पडलेले असतात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी, पिल्लं खुराड्यात शिरताना, प्रत्येकाला असं चाचपून पाहायची सवय लावली तर तुरा फिका पडायच्या बऱ्याच आधी तुम्हाला कळेल.

मग शीट. रात्री खुराड्यात जुनं खताचं पोतं किंवा वर्तमानपत्र अंथरा आणि सकाळी बघा. निरोगी शीट घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरा भाग असलेली असते. मधूनमधून एखादी तपकिरी, चिकट, वास मारणारी शीट दिसेल. ती आंधळ्या आतड्यातून येते, दर आठ-दहा शीटांमागे एक असतेच. ती पाहून पुष्कळ लोक घाबरतात आणि उगाच औषध पाजतात. तो आजार नाही.

शीटेत रक्त दिसलं, लालसर फेस दिसला, पिल्लू तीन ते आठ आठवड्यांचं आहे आणि एकदम मलूल झालंय, तर तो जंतांचा मामला बहुधा नसतो. ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. त्याचं कारण आयमेरिया नावाचा एकपेशी जीव. जंताच्या औषधाने तो मरत नाही. त्याला अँप्रोलियमसारखं वेगळं औषध लागतं, तेही लवकर. या आजारात आतड्याच्या अस्तराचे लालसर-गुलाबी तुकडे पडतात, ते पाहून "जंत पडले" असं वाटतं आणि अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजण्यात दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांत पिल्लं मरतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या: रक्त दिसलं की जंताची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

खात्री करायचा स्वस्त मार्ग म्हणजे शीट तपासणी. पाच-सहा पिल्लांच्या त्याच सकाळच्या ताज्या शीटेचं थोडं थोडं मिश्रण प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घ्या, तोंड बांधा, उन्हात ठेवू नका आणि तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात न्या. तिथे मिठाच्या दाट पाण्यात ती घोळतात. जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. दवाखाना लांब असेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची विचारणा करता येते. कोंबडीसाठी दवाखान्यात जायला लोक लाजतात, "गाय थोडीच आहे" म्हणतात. तुमची वीस पिल्लं म्हणजे सणासुदीचा, शाळेच्या वहीपुस्तकांचा पैसा आहे. लाजू नका.

एखादं खंगत गेलेलं पिल्लू मेलं तर त्याला फेकण्याआधी फाडून पाहणं हा आणखी एक रस्ता आहे. हातात पिशवी चढवा, आतडं काढून वर्तमानपत्रावर सरळ पसरा आणि कात्रीने लांबीत उघडा. गोलकृमी असतील तर लगेच दिसतात, कधीकधी इतके की आतडं पूर्ण तुंबलेलं असतं. बारीक जंत पाहायचे तर आतला चोथा पाणी भरलेल्या काळ्या किंवा गडद रंगाच्या ताटलीत सोडा, पांढरे धागे हलताना दिसतील. नंतर ते सगळं खोल पुरा, हात साबणाने धुवा. पण हे फक्त एखाद-दुसरं पिल्लू हळूहळू खंगून मेलं असेल तेव्हाच. दोन दिवसांत पटापट पक्षी मरू लागले तर काहीही फाडू नका, हात लावू नका, आधी दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला सापडला होता, आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. जंतांनी एका रात्रीत खुराडं रिकामं होत नाही.

औषध: कुठलं, किती, कसं

दुकानात मिळणाऱ्या नावांच्या गर्दीत मूळ औषधं थोडीच आहेत. पिपेराझिन फक्त मोठ्या गोलकृमीवर चालतं, तेही पूर्ण वाढलेल्यावर. जंत लुळा पडतो आणि शीटेबरोबर बाहेर येतो. लेव्हामिसोल गोलकृमीच्या जास्त प्रकारांवर चालतं. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल त्याहून व्यापक. यातली शेवटची दोन एकाच कुळातली आहेत. बरेच जण "औषध बदलून पाहिलं" म्हणतात तेव्हा त्यांनी अल्बेंडाझोलऐवजी फेनबेंडाझोल दिलेलं असतं. जंताच्या दृष्टीने ते जवळजवळ तेच औषध. खरा बदल करायचा तर कूळ बदलावं लागतं, आणि ते डॉक्टरांनी सांगावं.

मात्रा वजनावर ठरते आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बाटलीवर 2.5 टक्के लिहिलं असेल तर 1 मिली औषधात 25 मिलिग्रॅम मूळ औषध असतं. 10 टक्के असेल तर 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी उभ्या असतात. समजा डॉक्टरांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम सांगितलं आणि पिल्लू 600 ग्रॅमचं आहे. त्याला 6 मिलिग्रॅम हवं. 2.5 टक्क्यांच्या बाटलीतून ते 0.24 मिली होतं, पाव मिलीपेक्षाही किंचित कमी. झाकण किंवा चमचा इथे चालत नाही. मेडिकलमधून 1 मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका. वजनासाठी किराणा मोजायचा काटा पुरतो; पिल्लाला कापडी पिशवीत बसवा, पिशवीचं वजन वजा करा. गाई-बकऱ्यांची बाटली अंदाजाने ओतून मारलेली पिल्लं कमी नाहीत, आणि कमी मात्रा देऊन जंतांना औषधाची सवय लावलेली घरंही कमी नाहीत.

चोच उघडून औषध घशात ओतू नका. जिभेच्या मागे लगेच श्वासनलिकेचं तोंड असतं, औषध तिथे गेलं तर पिल्लू गुदमरतं. चोचीच्या कडेला थेंब सोडा, ते आपोआप गिळतं. पिल्लं थोडी असतील तर एकेकाला असंच द्यावं. पाण्यातून देण्यात एक अडचण आहे: सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे ते आजारी पिल्लू सगळ्यात कमी पाणी पितं. पिल्लं जास्त असल्यामुळे पाण्यातूनच द्यायचं असेल तर सकाळी लवकर, दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्या. त्याआधी तहान लागावी म्हणून तासभर पाणी काढून ठेवतात, ते थंडीत-पावसाळ्यात ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये असं कधीही करू नका, उष्माघाताने पिल्लं जातील.

पोटात फार जंत असल्याची शंका असेल आणि पिल्लू अगदी अशक्त असेल तर एकदम पूर्ण मात्रा देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सगळे जंत एकाच वेळी मेले तर त्यांचाच गोळा होऊन आतडं तुंबू शकतं.

पहिलं औषध साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अस्तरात दडलेल्या अळ्या तोवर बाहेर आलेल्या असतात. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी, शीट तपासून. राणीखेतची, म्हणजे लोक जिला मानमोडी म्हणतात त्या रोगाची, आर-टू-बी लस याच वयात, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचतात. जंतांनी खंगलेल्या शरीरात लशीचा परिणाम नीट उमटत नाही. म्हणून जंताचं औषध आधी, आणि मग आठवड्याभराने लस. हा क्रम पाळला तर लशीचा पैसा वसूल होतो.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना औषध दिल्यावर अंडी आणि मांस किती दिवस खायचं-विकायचं नाही ते बाटलीवर पाहा, लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि तेवढे दिवस खरंच थांबा. घरात कबुतरं असतील तर कोंबडीचं अल्बेंडाझोल त्यांना देऊ नका. कबुतरांना आणि होल्यांना ते विषारी ठरतं.

घरगुती उपायांबद्दल

लसूण, कडुनिंब, हळद, भोपळ्याच्या बिया, पपईच्या बिया. यातल्या काहींवर प्रयोगशाळांत काम झालं आहे, पपईच्या चिकाचा गोलकृमीवर परिणामही दिसला आहे. पण प्रयोगात मोजून दिलेला चीक वेगळा आणि आपण टाकलेली फोड वेगळी. हे पदार्थ खाद्यात जरूर द्या, नुकसान नाही. खंगलेल्या पिल्लाचा इलाज म्हणून मात्र त्यावर दिवस घालवू नका. तंबाखूचं पाणी आणि मोरचूद हे दोन उपाय अजूनही काही वाड्यापाड्यांवर केले जातात. दोन्ही विष आहेत, मात्रा जराशी चुकली तर पिल्लू मरतं. ते बंद व्हायलाच हवेत.

खाद्याचा परिणाम मात्र खरा आहे. अ आणि ब जीवनसत्त्वं व प्रथिनं पुरेशी मिळालेली पिल्लं जंतांना जास्त तोंड देतात. आपल्याकडे पिल्लांना ज्वारी, बाजरी, कणी टाकून भागवतात. पांढऱ्या ज्वारीत अ जीवनसत्त्वाचा अंश नगण्य. थोडा पिवळ्या मक्याचा भरडा, रोज मूठभर शेवग्याचा किंवा लसूणघासाचा बारीक चिरलेला पाला, आणि शेंगदाण्याची पेंड मिळाली तर फारच चांगलं. फक्त तिला बुरशीचा वास येत नाही ना ते पाहून घ्या.

जमिनीवरचं काम

आता ती दहा दिवसांची मुदत आठवा. शीटेत पडलेलं अंडं लागण करण्याजोगं व्हायला वेळ लागतो. त्याआधीच शीट उचलली गेली तर साखळी तुटते. म्हणून खुराड्यातली शीट दर दोन-तीन दिवसांनी काढा. पावसाळ्यात तर नक्की. फिनेल शिंपडून काही होत नाही, अंड्याचं कवच इतकं जाड असतं की नेहमीची जंतुनाशकं आत शिरत नाहीत. चुना मारल्याने जागा कोरडी व्हायला मदत होते, पण अंडी मरतीलच असं नाही. अंडी मरतात ती कोरडेपणाने आणि उष्णतेने.

खुराड्याची जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करा, म्हणजे पाणी आत येणार नाही. वर कोरडं तूस किंवा भुईमुगाची टरफलं तीन-चार बोटं जाड अंथरा आणि भिजली की तेवढी काढून टाका. पिल्लांना बसायला बांबूची आडवी काठी द्या. रात्रीची शीट एका ओळीत पडते आणि उचलायला सोपी जाते. पाण्याचं भांडं विटेवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा. भांड्याभोवतीचा चिखल ही सगळ्या अंगणातली सगळ्यात धोक्याची जागा, कारण तिथे ओल, शीट आणि पिल्लांच्या चोची एकत्र येतात. दाणे मातीत फेकू नका, उथळ ताटलीत किंवा टोपलीत द्या.

उचललेली शीट परसातल्या वांग्या-मिरचीला तशीच घालू नका, कोंबड्या तिथेच उकरणार. ती खड्ड्यात पाल्याबरोबर, थोडी ओल देऊन रचा आणि अधूनमधून खालीवर करा. नीट कुजणारा ढीग मधून हाताला चटका बसेल इतका तापतो, त्या उष्णतेत अंडी मरतात. ढीग झाकून ठेवा, नाहीतर माश्या आणि भुंगेरे येऊन पट्टकृमींची सोय होते.

जागा असेल तर आवाराचे दोन भाग करा, पऱ्हाट्यांचं कुंपणसुद्धा चालतं. एका भागात कोंबड्या, दुसरा मोकळा, उन्हात तापलेला. मार्च ते मे हा काळ वाया घालवू नका: मोकळ्या भागातली वरची माती कुदळीने उलथी करा, झावळ्या आणि अडगळ हलवा, ऊन सरळ पडू द्या. पावसाळ्यातली पिल्लं याच बाजूला ठेवा.

घरातल्या लहान मुलांबद्दल आयाबहिणी हमखास विचारतात. कोंबडीचा हा गोलकृमी माणसाच्या पोटात वाढत नाही, मुलांच्या पोटातले जंत वेगळे. तरी शीटेतून साल्मोनेलासारखे दुसरे जंतू येतात, म्हणून पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत.

बाजारातून आणलेले पक्षी आणि रवणाची कोंबडी

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आठवडे बाजारातून एखादी चांगली तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) किंवा कोंबडा आणला की तो थेट घरच्या कोंबड्यांत सोडतात. तसं न करता तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, शक्यतो फरशीवर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजन करून औषध द्या, तेव्हाची शीट गोळा करून पुरून टाका. तीन आठवड्यांत जंतांशिवाय दुसरा काही रोग बरोबर आला असेल तर तोही दिसून येतो.

खुडूक कोंबडीला रवणावर बसवण्याच्या दोन-तीन दिवस आधी तिलाही औषध द्या. एकदा बसली की 21 दिवस ती जेमतेम उठते, आणि त्या काळात तिला पकडून पाजणं म्हणजे अंडी गार करणं. आधीच पोट साफ केलेली आई पिल्लांना घेऊन उतरेल तेव्हा तिच्या शीटेत जंतांची अंडी अगदी कमी असतील. तिला आणि पिल्लांना पहिले दोन महिने त्या उन्हात तापवून ठेवलेल्या भागात फिरू द्या, आणि सहावा आठवडा भरला की सिरिंज व वजनाचा काटा काढा.